वजनकाट्यावरचा साबण

मराठी स्वयंपाकघर अंदाजावर चालतं. आमटीत मीठ किती, तर चवीपुरतं. भाकरीला पाणी किती, तर पीठ मागेल तसं. या अंदाजामागे पिढ्यांचा सराव असतो, म्हणून तो सहसा चुकत नाही. साबण घरच्या ओट्यावर होत असला तरी त्याला हा सराव उपयोगी पडत नाही. वाटी, चमचा, पेला ही मापं इथे बाजूला ठेवायची. मिलिलिटरच्या खुणा असलेलं भांडंसुद्धा नको. साबणाला लागतो एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा. नवशिक्याने सुगंधी तेलं, सुंदर साचे, रंगीत माती असं काहीही घेण्याआधी तो घ्यावा. काटा नसेल तर साबण करू नये, इतकं ठामपणे मी हे सांगेन.

कारण साबणाच्या रसायनातच आहे. कोणत्याही खाद्यतेलाच्या रेणूत एका ग्लिसरीनला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्यात विरघळवून तेलात मिसळला की ही मेदाम्लं ग्लिसरीनपासून सुटतात आणि सोडियमशी जोडली जातात. मेदाम्लाचं हे सोडियम लवण म्हणजेच साबण. सुटलेलं ग्लिसरीन त्याच मिश्रणात राहतं. माणूस राख आणि चरबी एकत्र उकळून हजारो वर्षं साबण करत आला, पण आत काय घडतं याचा उलगडा बराच उशिरा झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांनी प्राण्यांच्या चरबीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि 1823 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडलं. मेद हा एकसंध पदार्थ नसून मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांचा बनलेला आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. शेव्रल 102 वर्षं जगले आणि आयफेल टॉवरवर ज्या 72 जणांची नावं कोरली आहेत त्यांत त्यांचंही आहे. आपल्या आंघोळीच्या वडीमागे एवढा मोठा माणूस उभा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

या रसायनातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही नवशिक्याने पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. एक, कॉस्टिकशिवाय साबण होत नाही. बाजारात वितळवून साच्यात ओतायचा साबणाचा ‘बेस’ मिळतो आणि त्यात कॉस्टिक हाताळावं लागत नाही, हे खरं आहे. पण ते काम आधीच कुठल्या तरी कारखान्यात झालेलं असतं. दोन, प्रमाण बरोबर असेल तर तयार साबणात कॉस्टिक उरत नाही. ते सगळं मेदाम्लांशी जोडलं जाऊन संपतं. म्हणून घरच्या साबणात कॉस्टिक आहे असं कुणी धसक्याने म्हटलं, तर उत्तर एवढंच की घालताना होतं, आता नाही.

कारखान्यात पारंपरिक पद्धतीने साबण उकळला जातो, मिठाचं पाणी घालून तो वेगळा केला जातो आणि ग्लिसरीन काढून दुसऱ्या धंद्यांना विकलं जातं. आपण घरी वापरतो त्या कोल्ड प्रोसेस पद्धतीत मिश्रण चुलीवर चढतच नाही. कॉस्टिकने स्वतःच निर्माण केलेल्या उष्णतेवर क्रिया पूर्ण होते आणि ग्लिसरीन वडीतच राहतं. घरच्या साबणाने हात धुतल्यावर जो मऊपणा जाणवतो, त्यात या ग्लिसरीनचा वाटा मोठा आहे.

आता वजनाचं गणित. ते मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण एकदा हे समजलं की कुणाच्याही पाककृतीवर अवलंबून राहावं लागत नाही.

प्रत्येक तेलाची कॉस्टिकची गरज वेगळी असते. एक ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे 0.183 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. ऑलिव्ह तेलाला 0.135, शेंगदाणा तेलाला 0.137, तिळाच्या तेलाला 0.134, एरंडेलाला 0.128. हे आकडे पिकागणिक थोडे हलतात, म्हणून वेगवेगळ्या तक्त्यांत तिसऱ्या दशांशाचा फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये. खोबरेलाचा आकडा इतका मोठा का? कारण त्यातली मेदाम्लं आखूड साखळीची आहेत. तेवढ्याच वजनात रेणू जास्त मावतात आणि प्रत्येक मेदाम्लाला आपला सोडियम हवाच असतो.

पहिल्या साबणासाठी मी सुचवेन ते असं: खोबरेल 150 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 300 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम. एकूण 500 ग्रॅम. खोबरेल भरपूर फेस आणि कडकपणा देतं, पण एकटं वापरलं तर त्वचा कोरडी पाडतं. ऑलिव्ह तेल सौम्य आहे, मात्र त्याचा फेस बेताचाच असतो. एरंडेल फेस टिकवून धरतं. प्रमाण वाढलं तर वडी चिकट होते, म्हणून दहा टक्क्यांवर जाऊ नये. आता गुणाकार. खोबरेलासाठी 27.45, ऑलिव्हसाठी 40.5, एरंडेलासाठी 6.4, बेरीज 74.35 ग्रॅम. हे झालं सगळ्या तेलाचा साबण करणारं कॉस्टिक. आपण तेवढं घालत नाही. पाच टक्के कमी घालतो, म्हणजे साधारण 70.6, आणि काटा एक ग्रॅमचा असल्याने सरळ 70 ग्रॅम. साबण न होता उरलेल्या या थोड्या तेलाला साबणकार सुपरफॅट म्हणतात. त्याने वडी सौम्य होते आणि वजनात ग्रॅम-अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तरी ती सांभाळून घेतली जाते. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, 140 ग्रॅम. एवढ्यात साधारण शंभर ग्रॅमच्या सात वड्या होतात. पहिल्या वेळी थोडंच करून पाहू म्हणून शंभर ग्रॅम तेल घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. घाणा जितका लहान, तितकी एका ग्रॅमची चूक मोठी.

हेच प्रमाण मिलिलिटरमध्ये घेतलं तर काय होतं ते पाहा. किराणा दुकानातल्या तेलाच्या पिशवीवर 1 लिटर आणि त्याखाली 910 ग्रॅम असं छापलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. 150, 300 आणि 50 मिलिलिटर मोजून ओतलं तर भांड्यात प्रत्यक्षात सुमारे 460 ग्रॅमच तेल पडतं. त्याला सगळं मिळून साधारण साडेअडुसष्ट ग्रॅम कॉस्टिक पुरतं. आपण 70 घातलं आहे. म्हणजे सुपरफॅट संपलाच, वर दीड ग्रॅम मोकळं कॉस्टिक वडीत राहिलं आणि ते त्वचेला झोंबणार.

दुसरी नेहमीची चूक तेल बदलण्याची. खोबरेल संपलं म्हणून तेवढंच सूर्यफूल तेल घातलं, तर त्याचा आकडा 0.135 असल्यामुळे एकूण गरज 67.15 ग्रॅमवर येते आणि जवळपास तीन ग्रॅम कॉस्टिक मोकळं राहतं. एकही तेल बदललं की गणित पुन्हा करायचं. यासाठी इंटरनेटवर मोफत गणकयंत्रं आहेत आणि ती जरूर वापरावीत, पण एकदा कागदावर हाताने आकडेमोड करून पाहावी. नंतर गणकयंत्रात कुठे चुकीचा आकडा पडला तर लगेच खटकतं.

कॉस्टिक आणताना डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड हे नाव आणि शुद्धतेचा टक्का छापलेला आहे का ते पाहावं. 97 किंवा 98 टक्के चालतं. थोडी अशुद्धी असली तर सुपरफॅट किंचित वाढतो, एवढंच. मोरी तुंबल्यावर ओततात ती पावडर वापरू नये, त्यात इतर काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, चुना यांपैकी काहीही कॉस्टिकच्या जागी चालत नाही. आणि हे पांढरे दाणे किंवा पापुद्रे हवेतलं पाणी झपाट्याने ओढतात. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवून आपण दार उघडायला गेलो, तर परत येईपर्यंत ते ओलसर झालेले दिसतात. ओलसर झालेलं कॉस्टिक काट्यावर खोटं वजन दाखवतं.

आता धोक्याविषयी. कॉस्टिक त्वचा भाजतं आणि डोळ्यात गेलं तर दृष्टी घालवू शकतं. त्याला घाबरून काम सोडून द्यायची गरज नाही. पण नियम एकही सोडायचा नाही. डोळ्यांना कडा बंद असलेला सुरक्षा चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात चप्पल नव्हे तर बूट. खिडकी उघडी. लहान मुलं आणि मांजर-कुत्रं खोलीबाहेर. भांडी स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनची. आपल्या घरांत जर्मनची पातेली, म्हणजे ॲल्युमिनियमची, अजून भरपूर असतात. त्यात कॉस्टिक पडलं की धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. पातेलं, चमचा, साचा, काहीही ॲल्युमिनियमचं नको. काचेचं भांडंही टाळावं. एकदम वाढणाऱ्या उष्णतेने ते तडकू शकतं. या कामाची भांडी कायमची वेगळी ठेवावीत आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावं.

सर्वांत मोठा नियम असा: आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक. उलटं कधीही नाही. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर एका जागी प्रचंड उष्णता निर्माण होऊन ते उसळून अंगावर येऊ शकतं. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत बसू नये. लगेच वाहत्या पाण्याखाली धरावं, आणि पंधरा-वीस मिनिटं धरावं. डोळ्याच्या बाबतीत पाणी चालू ठेवूनच दवाखान्यात जाण्याची व्यवस्था करायची.

प्रत्यक्ष काम आता फारसं उरत नाही. साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घ्यावं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते साबणाशी जोडलं जाऊन न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या कडेला जमणारा पांढुरका थर हाच. स्टीलच्या उभ्या भांड्यात 140 ग्रॅम पाणी घेऊन त्यात 70 ग्रॅम कॉस्टिक थोडं थोडं सोडत ढवळावं. पाणी आधी गढूळ होतं, वाफ येते, भांडं हात लावू न देण्याइतकं तापतं. तापमान 80-90 अंशांपर्यंत सहज जातं. ती वाफ नाकात जाऊ देऊ नये, तोंड बाजूला ठेवावं. पूर्ण विरघळलं की पाणी पुन्हा नितळ दिसतं. ते सुरक्षित जागी निवू द्यावं.

तेवढ्यात तेलं वजन करून एकत्र करावीत. खोबरेल साधारण 24-25 अंशांखाली गोठतं, म्हणून पुण्या-नाशिकच्या थंडीत ते आधी वितळवून घ्यावं लागतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा प्रश्नच येत नाही. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही 35 ते 45 अंशांच्या मध्ये आली की पाणी तेलात बारीक धारेने ओतायचं आणि हँड ब्लेंडर लावायचा. ब्लेंडरचा दांडा स्टीलचा असावा. काहींचा ॲल्युमिनियमचा असतो, तो इथे नको. सतत फिरवू नये. काही सेकंद चालवावा, मग बंद करून त्याच दांड्याने ढवळावं, पुन्हा काही सेकंद. हाताने रवी फिरवूनही साबण होतो, पण ऑलिव्ह तेल जास्त असेल तर तासभर हात दुखवावा लागतो.

आता लक्ष देऊन पाहण्यासारखं दृश्य दिसतं. सुरुवातीला भांड्यात दोन वेगळे पदार्थ स्पष्ट दिसतात, पृष्ठभागावर तेलाच्या रेघा तरंगत असतात. हळूहळू रंग फिका होतो, चकाकी जाते, सगळं एकजीव दिसू लागतं. मग धिरड्याच्या पिठाइतका दाटपणा येतो आणि दांडा वर उचलून थेंब पाडला की त्याची रेघ क्षणभर वर टिकून मग बुडते. या अवस्थेला ट्रेस म्हणतात. इथून मिश्रण पुन्हा फुटत नाही. एक सावधगिरी: तापमान फार उतरलं असेल तर गोठू लागलेल्या चरबीमुळेही दाटपणा येतो आणि तो फसवा असतो. म्हणून थर्मामीटर जवळ हवा.

सिलिकॉनचा लांबट लोफ साचा उत्तम. नसेल तर श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बटर पेपर लावून वापरावा. ओतल्यावर साचा दोन-तीनदा हलकेच आपटावा, अडकलेली हवा निघून जाते. वर झाकण आणि टॉवेल. पुढच्या काही तासांत मिश्रण आपोआप गरम होतं आणि मधला भाग अर्धपारदर्शक दिसू शकतो. घाबरू नये, निवल्यावर तो पुन्हा अपारदर्शक होतो. 24 ते 48 तासांनी मोजे घालूनच ठोकळा काढावा आणि सुरीने वड्या पाडाव्यात. ऑलिव्ह जास्त असेल तर एखादा दिवस जास्त द्यावा लागतो. वरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर ती बहुतेक धुण्याच्या सोड्याची, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झालेली, निरुपद्रवी असते. मात्र वडीच्या आत पांढरे कुरकुरीत खडे किंवा झिरपणारे खिसे दिसले तर तो साबण अंगाला लावू नये.

पहिल्या घाण्यात रंग, सुवास, दूध, मध, कोरफड यांपैकी काहीही घालू नये असं मला मनापासून वाटतं. दूध आणि मधातल्या साखरेने मिश्रण फार तापतं आणि तपकिरी पडतं. लवंगेचं तेल मिश्रण साच्यात जाण्याआधीच घट्ट करून टाकू शकतं. गुलाबाच्या पाकळ्या काळपट होतात. हळदीचा मोह आपल्याकडे सर्वांनाच होतो. डब्यातल्या भाजीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावताच तो लाल होतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थात लाल होतं. हळदीपासून कुंकू याच गुणावर करतात. साबणाच्या मिश्रणात चमचाभर हळद आधी विटकरी दिसते, मग काही दिवसांनी मोहरीच्या रंगावर स्थिरावते, आणि वडी उन्हात ठेवली तर तो रंग उडतो. सोनपिवळी वडी हवी असेल तर हळदीवर भरवसा ठेवू नये.

इथेच पीएचचा मुद्दा येतो. खरा साबण अल्कधर्मीच असतो, साधारण 9 ते 10.5. पीएच त्वचेइतका, म्हणजे पाचच्या आसपास, असल्याचा दावा करणाऱ्या वड्या साबणाच्या नसून कृत्रिम प्रक्षालकांच्या असतात. त्या वाईट नाहीत, पण वेगळी चीज आहेत. घरच्या साबणात लिंबू पिळून पीएच उतरवण्याचा प्रयत्न केला, तर लिंबातलं आम्ल कॉस्टिकच खाऊन टाकतं आणि गणित बिघडतं.

वडी पाडल्यावर मुरवण्याचं काम सुरू होतं. कॉस्टिकची क्रिया एक-दोन दिवसांतच जवळजवळ संपलेली असते, पण वडीत पाणी भरपूर असतं. ते निघून गेल्याशिवाय वडी आंघोळीत भराभर झिजते. वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून त्या प्लास्टिकच्या जाळीवर किंवा कोऱ्या कागदावर, सावलीत, वारा लागेल अशा जागी चार ते सहा आठवडे ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा उलटाव्यात. लोखंडाची जाळी नको. लोखंडाच्या संपर्कात तेल लवकर खवट होतं आणि वडीवर नारिंगी ठिपके येतात. एका वडीचं वजन दर आठवड्याला तारखेसह लिहून ठेवावं. ते उतरायचं थांबलं की वडी तयार. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार रेंगाळतं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि वडीवर घामासारखे थेंब दिसतात. तिथे पंखा लावावा लागतो.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला स्वतः केलेली वडी काढावी, ही हौस अनेकांना असते, आणि पंचांग या कामी अगदी सोयीचं आहे. घटस्थापना ते नरक चतुर्दशी हे अंतर 28 दिवसांच्या आसपास असतं, म्हणजे बरोबर चार आठवडे. घट बसतात त्या दिवशी ओतलेली वडी अभ्यंगस्नानाला जेमतेम तयार होते. माझा सल्ला पितृपक्षातच ओतून ठेवण्याचा आहे. ऑलिव्हप्रधान वडीला ते दोन जादा आठवडे फार मानवतात. घरी वाटायला सात वड्या पुरतात. विकायचा विचार असेल तर मात्र आंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतो आणि त्यासाठी परवाना लागतो, हे आधी समजून घ्यावं.

पहिला घाणा नीट मुरून वापरून झाला की दुसऱ्यात एकच गोष्ट बदलावी. मी कोकमतेल सुचवेन, कोकण-गोव्यात भिरंडेल म्हणतात ते, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात ते. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्याने वडी कडक होते आणि आंघोळीत जास्त दिवस पुरते. त्याचा आकडा ऑलिव्हइतकाच, 0.135 च्या आसपास. म्हणून 300 ऐवजी 250 ग्रॅम ऑलिव्ह आणि 50 ग्रॅम कोकमतेल घेतलं तरी कॉस्टिक 70 ग्रॅमच राहतं. हे तेल गोळ्यासारखं घट्ट असतं आणि 40 अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा ते आधी खोबरेलात पूर्ण विरघळवून घ्यावा आणि कॉस्टिकचं पाणी मिसळताना दोन्ही 45 अंशांखाली जाऊ देऊ नयेत.